दहिवडीचं ऑर्किड, पाचगणीचं ऑर्किड आणि आमचं

ऑर्किड विकत घ्यायला गेलात तर फुलांकडे बघूच नका. फुलं तिथल्या सगळ्याच झाडांना असतात, त्याशिवाय नर्सरीवाला ती पुढं मांडत नाही. कुंडी हातात घ्या. बहुतेक वेळा ती पारदर्शक प्लॅस्टिकची असते. उजेडाकडे धरा आणि मुळं बघा. कोरडी मुळं राखाडी-चंदेरी दिसतात, ओली हिरवी, आणि दोन्ही बोटाला टणक लागायला हवीत. मूळ तपकिरी नि पिचपिचीत झालं असेल, साल सुटून आतली नुसती तार उरली असेल, तर ते गेलं. वर फुलं डुलतायत म्हणून झाड ठणठणीत आहे असं समजू नका. फॅलेनॉप्सिसची, म्हणजे नर्सरीत सर्रास दिसणाऱ्या ऑर्किडची, फुलं दोन-तीन महिने टिकतात; खाली मुळं कुजली तरी वरचा थाट काही आठवडे तसाच चालू राहतो. नर्सरीवाला वैतागून बघेल. बघू दे, पैसे तुमचे आहेत.

आमचं साताऱ्यात मेडिकलचं दुकान आहे. गॅलरीतली फुलं मी अधूनमधून स्टेटसला टाकते, त्यामुळं हल्ली काउंटरवर प्रिस्क्रिप्शनबरोबर ऑर्किडचे फोटोही येतात. "मॅडम, पानं पिवळी पडलीत, काय देऊ?" आपल्याकडे कशावरही काहीतरी 'द्यायचंच' असतं. माझं पोट त्यावर चालतं, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही. पण ऑर्किडच्या बाबतीत मी आधी विचारते, "राहायला कुठं?" लोकांना हा प्रश्न चौकशीखोरपणाचा वाटतो. तोच तर मुद्दा आहे.

आपला जिल्हाच तसा आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात माण-खटाव, जिथं पावसाळ्यातही टँकरची वाट बघायची वेळ येते. माझी नणंद दहिवडीला, धाकटी बहीण पाचगणीला आणि मी मध्ये मंगळवार पेठेत. तिघींकडेही ऑर्किड आहेत. तिघींच्या कुंड्यांवर नर्सरीचा तोच छापील टॅग होता: आठवड्यातून एकदा पाणी. वजन न विचारता कुणाच्याही पोराला सिरपचा डोस सांगावा, तसला हा सल्ला.

त्याचं कारण मुळांत आहे. घरात आपण ठेवतो ती बहुतेक ऑर्किड मूळची झाडांवर राहणारी. त्यांच्या मुळांवर मेलेल्या पेशींचा जाड, सच्छिद्र थर असतो, त्याला व्हेलामेन म्हणतात. पाऊस पडला की हा थर पाणी ओढून घेतो. मूळ डोळ्यांदेखत चंदेरीचं हिरवं होतं, कारण थर भिजला की आतला हिरवा रंग दिसायला लागतो. मग वारा सुटतो आणि मूळ वाळतं. भिजणं आणि वाळणं, दोन्ही त्याला हवं. सतत ओलं राहिलं की आत हवा जात नाही आणि ते कुजतं. म्हणजे खरा प्रश्न 'किती दिवसांनी पाणी' हा नाहीच, 'वाळायला किती वेळ लागतो' हा आहे. एप्रिलमध्ये दहिवडीत सकाळी भिजवलेलं मूळ दिवेलागणीला कोरडं ठणठणीत. जुलैमध्ये पाचगणीत तेच मूळ आठवडा गेला तरी हिरवंच.

मी अगरबत्तीची जळून उरलेली काडी वापरते. कुंडीत खोल खोचायची, दहा मिनिटांनी काढून गालाला लावायची. गार लागली तर आज पाणी नाही. बोटांना ओल कळत नाही इतकी गालाला कळते.

पाणी द्यायचं तेही चमचा-चमचा नाही. कुंडी मोरीत नेऊन नळाखाली धरायची, खालच्या भोकांतून धो-धो वाहू द्यायचं, निथळू द्यायची आणि मग जागेवर. खाली बशी ठेवून त्यात पाणी साठवणं म्हणजे झाडाला रोज आजारी पाडणं. आणि हे सकाळी करायचं. संध्याकाळी पानांच्या बेचक्यात पाणी साचलं की रात्रभर तिथंच राहतं.

पाण्याच्या जातीबद्दल आम्ही साताऱ्याच्या जुन्या पेठांतले लोक नशीबवान. कास तलावाचं पाणी हलकं. आमच्या किटलीच्या बुडाला पांढरा थर धरत नाही. वन्संच्या दहिवडीत बोअरचं पाणी, जड. तिथं मुळांच्या टोकांवर आणि कुंडीच्या काठावर पांढरी खर साचायची, टोकं काळी पडायची. त्यांनी आधी आरओ मशिनच्या नळीतून बाहेर पडणारं फुकटचं पाणी घालायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, तसं अजिबात करू नका, मशिननं बाहेर फेकलेले क्षार सगळे त्यातच असतात. द्यायचं तर प्यायचं पाणी द्या, नाहीतर पावसाचं साठवा. भाऊजींचं म्हणणं, "माणसं बोअरच्या पाण्यानं अंघोळ करतात आणि झाडाला फिल्टरचं?" हो. झाड छोटं आहे, तांब्याभर पाण्यात भागतं.

आता कुंडीत काय भरायचं. माती नाही, एवढं एव्हाना सगळ्यांना माहीत आहे. लाकडी कोळसा, पक्क्या विटेचे सुपारीएवढे तुकडे आणि नारळाची सोडणं, हे तिन्ही आपल्याकडे मिळतं. कोळसा इस्त्रीवाल्याकडून घ्या, सोडणांचा ढीग कुठल्याही देवळाबाहेरच्या नारळवाल्याकडे असतो. सोडणं तीन-चार दिवस पाण्यात बुडवून ठेवायची, चहाच्या रंगाचं पाणी सुटतं ते रोज फेकायचं. वन्संकडे कोरडी हवा, तिथं सोडण जास्त आणि विटा कमी. धाकटीकडे उलट, कोळसा नि विटाच जवळजवळ. नर्सरीतून आलेल्या फॅलेनॉप्सिसच्या मुळांच्या मधोमध शेवाळाचा घट्ट गोळा असतो, स्फॅग्नम मॉसचा. दहिवडीत तो राहिला तर चालतो, उलट उन्हाळ्यात उपयोगीच पडतो. पाचगणीत तो पावसाळ्याआधी काढलाच पाहिजे. वरून सगळं कोरडं दिसतं आणि आत गोळा ओलाच असतो.

खताची गंमत सांगते. ऑर्किडसाठी म्हणून रंगीत बाटलीतलं 'स्पेशल' खत ऑनलाइन मिळतं, किंमत बघून डोळे पांढरे होतात. लेबल वाचायची मला धंद्यामुळं सवय. मागं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं ते नायट्रोजन, स्फुरद, पालाश, सारख्या प्रमाणात. म्हणजे आपलं एकोणीस-एकोणीस-एकोणीस. सरळ कृषी सेवा केंद्रात गेले. दुकानदार म्हणाला, "पंचवीसची बॅग देऊ का? ड्रिपनं सोडणार का फवारणार?"

"किलोची पुडी द्या."

"किती क्षेत्र आहे?"

"गॅलरी आहे."

त्यानं पुडी दिली, पण तोंडावरचं हसू काही त्याला लपवता आलं नाही. शेजारी द्राक्षवाले दोन शेतकरी उभे होते, त्यांनी मात्र मनापासून चौकशी केली. लिटरला अर्धा ग्रॅम टाकते म्हटल्यावर एक जण म्हणाला, "ताई, एवढ्यानं आमच्या एका वेलाचं तोंडसुद्धा ओलं होणार नाही." ऑर्किडचं होतं. झाडाच्या सालीवर पक्ष्यांची शीट, कुजलेलं पान, वाहून आलेली धूळ, एवढ्यावर जगणारी ही जात. अर्धा ग्रॅम, तोही मुळं आधी साध्या पाण्यानं भिजवून मग, आणि वाढीच्या दिवसांत आठ-पंधरा दिवसांतून. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्यानं कुंडी धुऊन काढायची, साचलेले क्षार जातात. ती पुडी हवाबंद बरणीत भरा, नाहीतर पावसाळ्यात तिचा दगड होतो.

आमच्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, हे सगळं थेर वाटायचं. त्या जावळीकडच्या. अंघोळ झाली की तुळशीला पाणी, आणि तुळशीच्या ओघात बाकीच्या कुंड्यांनाही, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. नेम मोडा असं सासूला सांगणारी सून अजून साताऱ्यात जन्मायची आहे. म्हणून मी व्हँडा नावाचं ऑर्किड आणलं. व्हँडा लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत लटकतो, कुंडी नाही, कोळसा नाही, काही नाही. हातभर मुळं उघडी लोंबतात. त्याला पाणी रोजच लागतं, चैत्र-वैशाखात दोनदा. आई आता पूजा झाली की तांब्या घेऊन त्याला अंघोळ घालतात आणि बाकीच्यांकडे वळायचं विसरतात. पहिल्यांदा टोपली बघून म्हणाल्या, "ह्याला माती कुठाय? आणि हे पाचशे रुपयांना?"

पाचशेला मिळतं हेच नवल आहे, हे त्यांना मी सांगितलं. ऑर्किडचं बी म्हणजे पिठूळ धूळ. एका बोंडात लाखो बिया असू शकतात, पण एकीतही शिदोरी नाही. हरभऱ्यात जशी डाळ असते तसं काही नाही. रानात विशिष्ट बुरशी भेटली आणि तिनं अन्न पुरवलं तरच ते बी रुजतं. ही बुरशीची भानगड नोएल बर्नार या फ्रेंच माणसानं 1899 मध्ये शोधली. तोवर युरोपातले बागवाले बी टाकून टाकून थकले होते आणि श्रीमंत लोक जंगलं ओरबाडून झाडं आणवत होते. 1922 मध्ये अमेरिकेत लुईस नडसननं दाखवलं की अगरच्या थरात साखर आणि क्षार घातले तर बुरशीशिवायही बी रुजतं. पुढं 1960 च्या सुमारास जॉर्ज मोरेलनं शेंड्याच्या इवल्याशा तुकड्यापासून सिम्बिडियम या ऑर्किडची रोपं करून दाखवली, आणि मग टिश्यू कल्चरच्या बाटल्यांतून रोपांचा पूर आला. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्या आंब्यावर फुकट यायचं. पावसाच्या तोंडाला गुलाबी तुरे."

ते बहुधा सीतेची वेणी असणार, ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा. आसामात याच फुलाला कोपौ म्हणतात, बिहूला बायका केसांत माळतात, आणि ते त्यांचं राज्यफूल आहे. आपल्याकडे मात्र आंब्याची बांडगुळं काढायला माणूस झाडावर चढला की कोयत्याबरोबर तेही खाली येतं. बांडगूळ फांदीच्या आत घुसून रस ओढतं, ते काढलंच पाहिजे. पण ऑर्किड सालीला फक्त धरून बसलेलं असतं, आंब्याचा घोटभर रसही घेत नाही. बागायतदारांनी एवढा फरक पाहावा. कुणी घाटात रस्त्याकडेला फांदीसकट आमरी, म्हणजे रानातलं ऑर्किड, विकायला बसलं असेल तर घेऊ नका. जंगलातून उचललेलं झाड आपल्या ग्रिलवर सहसा तग धरत नाही, आणि मागणी आहे म्हटल्यावर तो उद्या आणखी चार उतरवून आणतो. कास पठारावरची जमिनीतली ऑर्किड तर हात लावण्याच्याही कामाची नाहीत. हबेनारिया पाचगणिएन्सिससारख्यांचे कंद पावसाळा सोडून बाकीचे महिने जमिनीखाली झोपलेले असतात. ती तिथंच वाकून बघायची.

आता पावसाळ्याचं. धाकटीचा फोन येतो तो याच दिवसांत. पाचगणीत जुलैत ढग खिडकीतून आत येतात, कपडे वाळत नाहीत, मग झाड कसं वाळणार? फॅलेनॉप्सिस झाडाच्या खोडावर आडवं, थोडं खाली तोंड करून वाढतं, त्यामुळं पाणी आपोआप गळून जातं. आपण त्याला कुंडीत सरळ उभं करतो आणि मधल्या शेंड्यात पाणी साचतं. तो शेंडा एकदा कुजला की नवं पान यायला जागाच राहत नाही. म्हणून तिला मी कुंड्या तिरक्या ठेवायला लावल्या, एका बाजूला विटेचा तुकडा. आणि दिवसातून काही तास टेबल फॅन, थेट अंगावर नाही, भिंतीकडे तोंड करून. पानावर काळा ओला डाग दिसला तर ब्लेड गॅसवर तापवून, गार करून, डागाच्या पलीकडच्या चांगल्या भागातून काप घ्यायचा आणि कापावर दालचिनीची पूड दाबायची. पूड मुळांवर पडू द्यायची नाही, ती मुळं सुकवते. गोगलगायी रात्री येतात आणि नेमकी मुळांची कोवळी हिरवी टोकं खातात; बॅटरी घेऊन बघावं लागतं. यातलं काहीच माझ्या दुकानात मिळत नाही. माझ्या दुकानातलं ऑर्किडला लागतं ते एकच, सर्जिकल स्पिरिट. पानांच्या बेचक्यात पांढरा पिठ्या ढेकूण बसला की इअरबड स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपायचा, आठवड्यानं परत बघायचं.

वन्संचं उलट. त्यांच्याकडे ऊन रग्गड, म्हणून त्यांना मी डेन्ड्रोबियम घ्यायला सांगितलं. लग्नाच्या मांडवात जांभळी-पांढरी लांब टिकणारी फुलं असतात ना, ती जात. त्याला फॅलेनॉप्सिसपेक्षा पुष्कळ उजेड लागतो. पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधली की झालं. पानांचा रंगच सांगतो: गर्द काळपट हिरवी असतील तर उजेड कमी, पिवळट किंवा तांबूस झाली तर जास्त. वाळलेल्या दिसणाऱ्या, पानं गळालेल्या जुन्या कांड्या त्या कापायला निघाल्या होत्या, वेळेत फोन केला म्हणून वाचल्या. त्या कांड्यांत पाणी आणि अन्न साठवलेलं असतं. कधी कधी त्यांच्याच शेंड्याला पुन्हा फुलं येतात.

साताऱ्याची खरी मजा मात्र दिवाळीच्या पुढं. फॅलेनॉप्सिसला फुलाचा दांडा टाकायला थोडी थंडी लागते. काही आठवडे तापमान पंचविसाच्या खाली राहिलं, रात्री आणखी उतरलं, की झाड फुलाच्या तयारीला लागतं. हॉलंडमधले उत्पादक यासाठी काचगृहं मुद्दाम गार करतात, वीज खर्चून. आपल्याकडे यवतेश्वरच्या डोंगरावरून वारा खाली उतरतो तो फुकट. मी गॅलरीतल्या कुंड्या रात्री बाहेरच ठेवते. पारा पंधराच्या खाली चालला की मात्र आत, आणि व्हँडा तर सगळ्यात आधी.

मग रोज सकाळी चष्मा लावून पानांच्या खाली बघायचं. काहीतरी हिरवं टोक सालीतून बाहेर आलेलं दिसतं. मूळ की दांडा? मुळाचं टोक गोल, गुळगुळीत, चकचकीत. पुढचा भाग हिरवा किंवा किरमिजी आणि मागून लगेच चंदेरी होत जाणारा. दांड्याचं टोक जरा चपटं, त्यावर एक बारीक पापुद्रा तिरका दुमडलेला, अंगठ्याचा मोजा घातल्यागत. पहिले चार दिवस दोन्ही सारखीच दिसतात. वर वळलं तर दांडा. एकदा दांडा निघाला की कुंडी फिरवायची नाही, उजेडाच्या दिशेनं त्याला त्याचं वळण घेऊ द्यायचं, नाहीतर फुलं चहूकडे तोंडं करून बसतात. उमलायला दोन-तीन महिने जातात, म्हणजे महाशिवरात्रीच्या आगेमागे.

आणि फुलं असतानाच घरात आंबा येतो. अहोंचा पाडाच्या आंब्यांची पेटी गवतात घालून हॉलच्या कोपऱ्यात ठेवायचा शिरस्ता. पिकणारा आंबा, केळी, सफरचंद यांतून इथिलीन वायू सुटतो, आणि ऑर्किडच्या फुलाला तो अजिबात सोसत नाही. फुलं मिटतात, कळ्या पिवळ्या पडून गळतात, आणि माणूस म्हणतो पाणी कमी पडलं. एकाच खोलीत आंबा आणि ऑर्किड नको, असं मी जाहीर केलं. पेटी जागची हलली नाही, अर्थातच. फुलं आता बेडरूममध्ये असतात.

फुलं गळून गेल्यावर दांडा कापायचा का, असं सगळे विचारतात. दांडा हिरवा असेल आणि झाड अंगापिंडानं चांगलं असेल तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर काप घ्या, तिथून पुन्हा फाटा फुटू शकतो. झाड हडकुळं असेल, पानं दोन-तीनच असतील, तर दांडा पार बुडापासून कापा आणि झाडाला वाढू द्या.

परवा वन्संनी फोटो पाठवला. त्यांच्या डेन्ड्रोबियमच्या जुन्या कांडीवर, जी त्या कापणार होत्या त्याच, पिल्लू आलंय. दोन पानं आणि खाली पांढरी मुळं फुटायला लागलेली. "भाऊबीजेला येताना तुला तोडून आणते," म्हणाल्या. मी म्हटलं नको, आत्ता मुळं बोटाच्या पेराएवढीसुद्धा नाहीत, आणि पुढं थंडीत नवीन कुंडीत ती पकडही घेणार नाहीत. शिवरात्र होऊ दे, मग ओल्या कागदात गुंडाळून आणा. भाऊबीजेला नुसत्या या, अहोंना ओवाळायला.